नाकाचेही म्हातारपण असते

ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांनी गोठ्याशी एक दृश्य हमखास पाहिले असेल. म्हैस माजावर आली की रेडा तिच्या मुताजवळ नाक नेतो, मग मान उंच करतो, वरचा ओठ दुमडून हिरडी उघडी पाडतो आणि काही क्षण तसाच निश्चल उभा राहतो. आम्हा मुलांना वाटे, रेडा हसतो आहे. आणि त्याला पाहून आम्हीही हसत असू. तो हसत नसून एक निरोप वाचीत असतो, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर कळले.

हा निरोप रसायनांनी लिहिलेला असतो. तो वाचण्यासाठी नाकाच्या मधल्या पडद्याच्या तळाशी नळीच्या आकाराचा एक लहानसा स्वतंत्र अवयव असतो. डेन्मार्कच्या लुडविग जेकबसन या शास्त्रज्ञाने १८१३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास ‘जेकबसनचा अवयव’ म्हणतात. ओठ दुमडल्याने गंधद्रव्य त्या अवयवापर्यंत ओढले जाते. घोडा, बोकड आणि मांजरही असेच करतात. साप वारंवार जीभ बाहेर काढतो, तीही हवेतले व जमिनीवरचे कण टाळूतील याच अवयवाकडे नेण्यासाठी.

गंधाचा निरोप वाचणाऱ्या या अवयवांना वय झाल्यावर काय होते, हा आजचा विषय. प्रारंभी तो आपल्यापासून दूरचा वाटेल; परंतु तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन थांबणार आहे, तेव्हा थोडा धीर धरावा.

गंधाची भाषा

प्राणी एकमेकांस गंधाने काय सांगतात? ‘मी येथे आहे’, ‘ही हद्द माझी’, ‘येथे धोका आहे’, ‘हे पिल्लू माझे’. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख रेशीम-पतंगांच्या माद्यांपासून अशा एका निरोपाचे रसायन वेगळे केले आणि १९५९ साली ते जगापुढे ठेवले. त्याच वर्षी अशा द्रव्यांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द रूढ करण्यात आला. आपल्याकडील कापूस उत्पादक शेतकऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. बोंडअळीसाठी शेतात ते जे ‘कामगंध सापळे’ लावतात, त्यांत मादीच्या गंधाची कृत्रिम नक्कल असते. नर पतंग त्या खोट्या निरोपावर विश्वासून येतात आणि अडकतात.

वयाप्रमाणे हा निरोप बदलतो, याचे सुंदर उदाहरण हत्तीचे आहे. मदकाळात नर हत्तीच्या गंडस्थळातून स्राव पाझरतो. संस्कृत काव्यात या मदगंधाने भ्रमर आकृष्ट होतात, असे वर्णन वारंवार येते. ते निव्वळ कविकल्पना नसावे. आशियाई हत्तींच्या मदस्रावाचा अभ्यास २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, प्रथमच मदात येणाऱ्या तरुण हत्तीचा स्राव मधासारखा गोड वासाचा असतो आणि प्रौढ हत्तीचा उग्र, नकोसा. गोड वास म्हणजे ‘मी अजून लहान आहे, मला मारू नका’ ही जणू विनंती, तर उग्र वास म्हणजे ‘वाट सोडा’ हा इशारा. वय वाढले म्हणजे केवळ झीज होते असे नाही. देहाचा मजकूरही बदलतो.

वृद्ध जनावरांचे नाक

निरोप पाठवणे झाले. तो वाचण्याचे काय? उतारवयातील कुत्रा किंवा मांजर ज्यांनी सांभाळले आहे, त्यांनी पाहिले असेल की ते पुढ्यातले अन्न हुंगते आणि तोंड फिरवते. दात दुखणे, मूत्रपिंडाचा विकार अशी अनेक कारणे असू शकतात आणि ती पाहिलीच पाहिजेत; पण वयाने विरळ झालेले घ्राणपटल हेही त्यांपैकी एक आहे. म्हणूनच पशुवैद्य वृद्ध मांजराचे अन्न किंचित कोमट करून द्यावयास सांगतात. अन्न कोमट झाले की त्याचा वास अधिक उठतो आणि मांजर खाऊ लागते. ही साधी युक्ती लक्षात ठेवावी. पुढे आपल्यालाही ती उपयोगी पडणार आहे.

आता या कथेतील आशेचा भाग. शरीरातील बहुतेक चेतापेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. नाक मात्र अपवाद आहे. घ्राणपटलातील आणि जेकबसनच्या अवयवातील चेतापेशी आयुष्यभर मरत असतात आणि त्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून नव्या तयार होत असतात. बाहेरच्या हवेचा, धुळीचा व जंतूंचा मारा थेट सोसणाऱ्या या पेशींसाठी निसर्गाने ही सोय केली आहे. म्हातारपणी ही सोय संपते काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दीड ते दोन वर्षे वयाचे उंदीर तपासले गेले. उंदराच्या आयुष्यात हे वय म्हणजे आजोबांचे. त्यांच्या जेकबसनच्या अवयवात नव्या चेतापेशी तयार होणे चालूच होते, आणि इजा झाल्यावर ती भरून काढण्याचे सामर्थ्यही टिकून होते. अर्थात उंदरावरून माणसाचे अनुमान सरळ काढता येत नाही. तरीही वृद्ध देहातही नव्याने घडण्याची शक्ती एखाद्या कोपऱ्यात जागी असू शकते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माणसाचे नाक

माणसात जेकबसनचा अवयव गर्भावस्थेत दिसतो. पुढे त्याची केवळ खूण उरते. त्यास मेंदूशी जोडणारी काम करणारी चेता प्रौढ माणसात आढळत नाही. म्हणून ‘फेरोमोनयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अत्तरांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. माणसातील असे एकही द्रव्य निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

आपली सारी भिस्त नाकाच्या छताशी असलेल्या, टपाल तिकिटाएवढ्या घ्राणपटलावर आहे. गंध ओळखणारे ग्राहक कसे काम करतात, हे लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उलगडले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाजवळ असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. उंदराजवळ हजाराहून अधिक असले, तरी आपले चारशेही थोडके नाहीत. पाऊस पडल्यावरची माती, तव्यावरची भाकरी, तान्ह्या बाळाची टाळू, हे सारे त्यांतूनच आपल्यापर्यंत येते.

वय वाढते तसे या पटलावर काय घडते? जुन्या पेशी मरतात, पण नव्यांची भरती मंदावते. घ्राणपटलाच्या जागी हळूहळू साध्या श्वसनमार्गासारख्या अस्तराचे ठिगळ बसू लागते. ते श्वास जाऊ देते, पण वास ओळखत नाही. पटलातून मेंदूकडे जाणारे चेतातंतू हाडाच्या चाळणीसारख्या पत्र्यातून वर जातात. त्या चाळणीची छिद्रेही वयाने अरुंद होऊ शकतात. शिवाय आयुष्यभराचे सर्दीपडसे, धूर, विडी-सिगारेट आणि तपकीर यांचा हिशेब असतोच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी चाळीस वास ओळखण्याची एक चाचणी तयार केली. त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, ६५ ते ८० या वयोगटातील निम्म्याहून अधिक माणसांची घ्राणशक्ती ठळकपणे घटलेली होती, आणि ऐंशीच्या पुढे हे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक होते. म्हणजे हा काही विरळा विकार नव्हे. तरीही गेल्या महिन्यात आपल्या घरातील ज्येष्ठांचा चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र यांविषयी बोलणे झाले असेल. नाकाविषयी झाले आहे काय?

माझीच एक चूक

या प्रश्नाचे माझे स्वतःचे उत्तर लाजिरवाणे आहे, पण ते सांगितले पाहिजे.

माझी आई बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातील फोडणीत मोहरी आधी पडली की हिंग, हे सांगणारी. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे जेवण कमी होऊ लागले. ताटात अर्धी भाकरी उरू लागली. “अन्नावरची वासनाच उडाली रे,” ती म्हणे. त्या वाक्यात ‘वास’ हा शब्द दडलेला होता, तो मला ऐकू आला नाही. मी तिचे रक्त तपासले, साखर पाहिली, थायरॉईड पाहिले. सारे ठीक होते. भूक वाढवणारे औषध दिले आणि घरात सांगितले, “या वयात असे होतेच.” वर्षभरात तिचे वजन सहा किलोंनी उतरले. शिवाय तिच्या हातची आमटी खारट होऊ लागली. आम्ही कधी थट्टेने, कधी त्राग्याने ते तिला ऐकवीत राहिलो.

एका संध्याकाळी ती घरी एकटीच होती. गॅसवर दूध ठेवून ती शेजारच्या खोलीत जपाला बसली. माझी पत्नी बाहेरून आली तेव्हा तिला जिन्यातच करपल्याचा वास आला. आत पातेले काळे पडले होते, घर धुराने भरले होते आणि आई डोळे मिटून माळ ओढीत होती.

“मला कसे रे नाही कळले?” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली. पण ती आगीची नव्हती. आपली बुद्धी जात चालली आहे, असे तिला कित्येक महिने वाटत होते आणि ते आमच्यापासून ती लपवीत होती.

त्या रात्री मी तिला डोळे मिटावयास सांगून नाकाशी लवंग धरली. मग कॉफी, मग अंगाचा साबण. तिन्ही वेळा ती म्हणाली, “काहीच नाही.” तीस वर्षांच्या व्यवसायात मी हजारो ज्येष्ठांची छाती, पोट, डोळे तपासले असतील; ‘वास येतो का?’ हा प्रश्न मी स्वतःच्या आईलाही विचारला नव्हता.

हे कळत का नाही?

दृष्टी मंदावली की अक्षर पुसट दिसते आणि माणूस तक्रार करतो. वास मात्र हळूहळू, वर्षानुवर्षे कमी होतो आणि जे येतच नाही त्याची उणीव भासत नाही. घ्राणशक्ती घटलेल्या अनेक ज्येष्ठांना विचारले तर ते प्रामाणिकपणे ‘मला उत्तम वास येतो’ असेच सांगतात.

यात आणखी एक फसवणूक असते. डोक्याला लावायचा बाम, कापलेला कांदा, मिरचीची धांस यांचा झोंबरेपणा आपल्याला निराळ्या चेतेद्वारे जाणवतो. घ्राणशक्ती गेली तरी ती चेता शाबूत असते. बाम नाकाला झोंबतो, म्हणून माणसाची समजूत होते की नाक ठीक आहे. म्हणून घरी पारख करताना बाम किंवा कांदा वापरू नये. लवंग, कॉफी, साबण असे सौम्य वासाचे पदार्थ डोळे मिटून ओळखावयास सांगावे. ही निदान करणारी चाचणी नव्हे, केवळ डॉक्टरांकडे जावे की नाही हे ठरवण्याची खूण आहे.

ज्यास आपण ‘चव’ म्हणतो तिचा फार मोठा भाग खरे तर वास असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. वरणाला वरणपण येते ते घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने. तो गेला की अन्न बेचव होते. मग माणूस एकतर जेवण कमी करतो, नाहीतर मीठ आणि साखर वाढवतो. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हे दोन्ही घातक. आईची खारट आमटी हा तिचा विसराळूपणा नव्हता. ती हरवलेली चव मिठात शोधीत होती.

सर्वांत मोठा धोका

स्वयंपाकाचा गॅस मुळात जवळजवळ गंधहीन असतो. १९३७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी शाळेत वायुगळतीमुळे भीषण स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतांश मुले होती. त्या गॅसला वास नव्हता, म्हणून गळती कोणाच्या ध्यानात आली नाही. त्यानंतर अशा वायूत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचे नियम झाले. आपल्या सिलिंडरमधील तो सडक्या कोबीसारखा वास इथाइल मरकॅप्टन या द्रव्याचा असतो.

प्राणी एकमेकांस धोक्याचा जो रासायनिक इशारा देतात, तोच येथे माणसाने हाताने तयार केला आहे. इशारा दिला जातो. पण ज्याचे नाक थकले आहे, त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही गोष्ट मी अत्यंत गांभीर्याने सांगतो आहे. विटलेले दूध, आंबलेली भाजी, शॉर्टसर्किटने जळणारी वायर, यांचेही तसेच.

‘म्हातारपणाचा वास’

आणखी एक नाजूक विषय आहे, तो टाळणे योग्य नाही. आपल्याला वास येत नसल्यामुळे आपल्या अंगाला किंवा कपड्यांना घामाचा, लघवीचा वास तर येत नसेल ना, या धास्तीने काही ज्येष्ठ माणसांत मिसळणे सोडतात. काही जण उलट अंगावर अत्तर ओततात. घरची मंडळी नाक मुरडतात, पण बोलत नाहीत.

वयाबरोबर त्वचेचा गंध खरोखर बदलतो. २००१ साली जपानी संशोधकांनी चाळिशीनंतर वाढणारे ‘२-नोनेनाल’ हे द्रव्य त्वचेच्या गंधात दाखवून दिले. पण येथे आनंदाची एक बातमी आहे. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेने २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण, मध्यमवयीन आणि पंचाहत्तरीपुढील माणसांच्या अंगाचा वास कापडी पट्ट्यांवर घेऊन तो तरुणांना हुंगावयास दिला. वृद्धांचा वास त्यांना वेगळा ओळखता आला. परंतु त्यांनी तो मध्यमवयीनांच्या वासापेक्षा सौम्य आणि कमी अप्रिय ठरवला! म्हातारपणाला चिकटवलेली दुर्गंधी बहुधा अस्वच्छ कपडे, बंद खोली, लघवीवरील नियंत्रण सुटणे, दातांचे आजार यांची असते, आणि यांतील प्रत्येकावर उपाय आहे. आजीच्या लुगड्याच्या गोधडीत नातवंडे नाक खुपसून झोपतात, ते काही उगीच नव्हे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वास कमी येतो म्हणजे वयच झाले, असे परस्पर ठरवू नये. नाकातील पॉलिप, सायनसचा जुना आजार, ॲलर्जी, विषाणूचा संसर्ग, डोक्यास मार लागणे, काही औषधे, अशी अनेक कारणे असतात. त्यांतील काहींवर चांगले उपचार आहेत. पुढील बाबतीत विलंब करू नये :

• वास अचानक गेला असेल, किंवा पडल्यानंतर गेला असेल.
• एकाच नाकपुडीला वास येत नसेल, नाक एकाच बाजूने चोंदत असेल, नाकातून रक्त येत असेल.
• नसलेला वास, उदाहरणार्थ काहीतरी जळल्याचा, वारंवार येत असेल.
• वास जाण्याबरोबर हाताला कंप, चालण्यात संथपणा, अक्षर बारीक होणे, झोपेत हातपाय झाडणे, किंवा स्मरणात ठळक घट असेल.

शेवटच्या मुद्द्याचे कारण असे की, पार्किन्सन या आजारात वास जाणे हे कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. अल्झायमरमध्येही घ्राणशक्ती लवकर घटते. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. वास कमी झालेल्या बहुतेक ज्येष्ठांना यांपैकी काहीही नसते.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली तीन हजार ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुदिना, मासा, संत्रे, गुलाब आणि चामडे असे पाच वास ओळखावयास दिले होते. ज्यांची घ्राणशक्ती गेली होती त्यांच्यापैकी ३९ टक्के पुढील पाच वर्षांत मृत्यू पावले. ज्यांची चांगली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हा आकडा वाचून घाबरू नये. वास गेल्याने मृत्यू येतो, असे हा अभ्यास सांगत नाही. नाक हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे आणि आरशात काही दिसले तर सर्वांगाची तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा बोध.

चार वासांचा व्यायाम

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ साली घ्राणशक्तीसाठी एक साधा व्यायाम मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे त्यातील चार वास. चारही आपल्या घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. चार झाकणाच्या बाटल्यांत कापूस घालून त्यावर एकेका अर्काचे दोन थेंब टाकावे. सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली नाकाजवळ धरून दहा-पंधरा सेकंद हलकेच हुंगावी. जोराने ओढू नये. हुंगताना त्या वासाची आठवण मनात आणावी : लवंग म्हणताना मसालेभाताची, गुलाब म्हणताना लग्नातल्या गुलाबपाण्याची. हे किमान बारा आठवडे नियमाने करावे. विषाणूसंसर्गानंतर गेलेल्या वासावर याचा चांगला उपयोग दिसला आहे. वयाने घटलेल्या वासावर परिणाम मर्यादित असतो, पण अपाय काही नाही. दम्याच्या रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

नाकात तेलाचे अर्क, औषधी थेंब किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने घालू नये. सर्दीसाठी नाकात लावावयाच्या जस्तयुक्त औषधांनी काहींची घ्राणशक्ती कायमची गेल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली त्यांविरुद्ध इशारा दिला होता. तपकिरीची सवय असेल तर ती सोडावी.

घरच्यांनी एवढे करावे

• सिलिंडरच्या ओट्याजवळ गॅसगळती सांगणारे यंत्र बसवावे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून यंत्र जमिनीलगत हवे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्यासाठी ते छतालगत हवे. रबरी नळीची मुदत पाहून ती वेळेवर बदलावी.
• गळतीची शंका आली तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, घराबाहेर यावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.
• शिजवलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहून चिकटवावी. ‘वास घेऊन बघ’ ही कसोटी ज्येष्ठांवर सोडू नये.
• जेवण गरम वाढावे. मीठ वाढवण्याऐवजी लिंबू, आमसूल, आले, मिरे, कोथिंबीर यांनी चव आणावी. पानात रंग आणि कुरकुरीतपणा असावा; नाकाने सोडलेले काम डोळे आणि दात थोडे उचलतात.
• दर महिन्यास वजन करावे आणि लिहून ठेवावे.
• अंगाच्या किंवा कपड्यांच्या वासाविषयी बोलावयाचे असल्यास एकट्याने, एकदाच आणि मायेने बोलावे.
• एकत्र बसून जेवावे. भूक ही माणसांच्या सोबतीनेही लागते.

आईच्या बाबतीत आम्ही आणखी एक चूक केली, तीही सांगतो. दूध करपल्यानंतर आम्ही काळजीपोटी तिला स्वयंपाकघरात जाण्यास बंदी केली. ती काही बोलली नाही; पण पंधरा दिवसांत तिचे उरलेसुरले जेवणही आटले. जिने साठ वर्षे घर जेवू घातले, तिला आम्ही पाहुणी करून टाकले होते. शेवटी यंत्र बसवले, ओट्यावर घंटा वाजणारे घड्याळ ठेवले आणि माझ्या धाकट्या मुलीला आजीचे ‘नाक’ नेमले. आजी पिठी भाजे, नात वास घेऊन सांगे, “आजी, आता खमंग आला, उतरवा.” कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांनी तपासून दुसरे काही कारण नसल्याची खात्री करून दिली. चार बाटल्यांचा व्यायाम आईने सहा महिने नेमाने केला. सारे परत आले नाही. लवंग आणि लिंबू मात्र तिला पुन्हा ओळखू येऊ लागले, आणि वजन दोन किलोंनी वाढले. मुलीला पिठी भाजता येऊ लागली, हा वरचा लाभ.

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या घरातील ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारा : “वास येतो का?” आणि आपण स्वतःच ज्येष्ठ असाल व एकटे राहत असाल, तर उद्या सकाळी डोळे मिटून एक लवंग नाकाशी धरून पाहा. काही कळले नाही तर घाबरू नका, लपवू तर मुळीच नका. शेजाऱ्यांना सांगा, मुलांना फोन करा, आपल्या डॉक्टरांना भेटा. त्यांनी हा प्रश्न विचारला नाही, तर आपणच त्यांना सांगा; माझ्यासारखे विसरणारे डॉक्टर पुष्कळ आहेत.